मैनेची तालीम

इस्त्रीवालीची लेक सोळा वर्षांची झाली आणि तिच्या खास शाळेनं हात वर केले. सोळाच्या पुढची मुलं ते ठेवत नसत. आता दिवसभर पोरीजवळ थांबायचं कुणी? नवरा जाऊन सात वर्षं झालेली. नणंद सोबत राहायची, पण तिचे गुडघे गेलेले. लॉन्ड्रीत अर्धाच दिवस काम धरलं तर अर्धं पोट रिकामं. सरकारी भत्ता मिळाला तरच ही मोट बांधली जाणार होती.

पहिला अर्ज तिनं आपल्याच हातानं बुडवला होता. अंघोळ करते का? जेवते का? कपडे घालते का? सगळीकडे तिनं 'हो' लिहिलं. खोटं नव्हतं ते. दाराबाहेर उभं राहून 'आता साबण, आता पाणी, आता टॉवेल' असं सांगत गेलं की पोर सगळं करायची. ते दाराबाहेरचं उभं राहणं मात्र तिनं कधी मोजलंच नव्हतं.

"धन्य आहेस!" अर्ज नामंजूर झाला तेव्हा नणंद म्हणाली. "स्थळ आलं होतं का, पोरीचे एवढे गुण गायलीस ते?"

"वन्सं, आईनं लेकीचं उणं लिहायचं तरी कसं?"

"पेनानं."

आता फेरतपासणी होती, आणि या अर्जाची ती शेवटची संधी.

पोरीला घरात मैना म्हणत, कारण ऐकलेला शब्द ती जसाच्या तसा परत द्यायची. जन्मापासून स्वमग्न. नवी जागा, नवा माणूस दिसला की सैरभैर व्हायची, स्वतःचं मनगट चावायची. म्हणून कुठंही जायचं तर घरात आधी तालीम व्हायची. दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी आठ दिवस खुर्चीत बसून तोंड उघडायचा सराव झाला होता. आताही अकरा दिवस वन्सं चष्मा लावून टेबलापलीकडे बसत होत्या. नाव, वय, पत्ता असे नेहमी विचारतात ते सहा प्रश्न, सहा उत्तरं, मग 'आभारी आहे' म्हणून उठायचं आणि घरी.

"आणि तिथं ती घडाघडा बोलली तर?" शेवटच्या दिवशी वन्संनी मुद्द्यालाच हात घातला. "म्हणतील, हिला काय धाड भरलीय? त्यापेक्षा ने तशीच. होऊ दे काय व्हायचं ते. बघू देत एकदा."

इस्त्रीवालीनं पोरीच्या मनगटावरचे वण पाहिले आणि खुर्ची पुन्हा टेबलाला लावली. "मैना, बस. नाव काय तुझं?"

कचेरीतली खोली लहान होती. तपासनीस बाई तरुण, आवाजानं मऊ. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. मैनेनं टेबलाच्या कडेवर नजर ठेवून एकेक उत्तर दिलं, अगदी स्वच्छ. प्रत्येक उत्तरासरशी बाईंचं पेन खाली एक खूण करायचं. इस्त्रीवालीचं काळीज एकदा सुपाएवढं व्हायचं आणि लगेच भत्ता हातचा जाताना दिसायचा. शेजारी वन्संनी कपाळाला हात लावला.

"छान बोलते हो," बाई म्हणाल्या. सहावं उत्तरही झालं.

"आभारी आहे," म्हणत मैना उठली.

"बस ना बाळ, अजून थोडे प्रश्न आहेत."

मैना उभीच राहिली. "आभारी आहे," पुन्हा. मग भरभर नाव, वय, पत्ता, पुन्हा नाव, आवाज चढत चाललेला. ती पुढं-मागं डुलायला लागली. मनगट तोंडाशी गेलं.

"राहू दे," वन्सं पुटपुटल्या. "दोन मिनिटं. बघू दे त्यांना."

दोन मिनिटांनी भत्ता मिळाला असता, हे इस्त्रीवालीला कळत होतं. तिनं लेकीचे दोन्ही हात धरले आणि तिला दाराकडे वळवलं.

"बाहेर गेलात तर तपासणी अपुरी लिहावी लागेल," बाई म्हणाल्या.

"लिहा. सहाच प्रश्न कबूल केलेत मी तिला."

व्हरांड्यात भिंतीशी उकिडवं बसून ती लेकीचे तळवे दाबत राहिली. थोड्या वेळानं तपासनीस बाई फाईल घेऊन बाहेर आल्या आणि चार हात लांबच थांबल्या.

"किती दिवस शिकवलंत?"

"अकरा."

"हे अर्जात का नाही लिहिलं?"

"हे लिहायचं असतं?"

बाईंनी फाईलवर काहीतरी लिहिलं. "बाकीचे तुम्हालाच विचारते. न सांगता अंघोळ करते?"

इस्त्रीवालीनं लेकीकडे पाहिलं. लेक ऐकत होती. ती सगळंच ऐकायची. "नाही."

"एकटी रस्ता ओलांडते?"

"नाही."

"दुखलं-खुपलं सांगते?"

"नाही सांगत."

"नाही सांगत," मैना म्हणाली. "नाही. नाही. नाही सांगत."

घरी पोचेपर्यंत ती तेच म्हणत होती. इस्त्रीवालीनं एकदाही गप्प बस म्हटलं नाही. कुणाचे शब्द होते ते तिला ठाऊक होतं.

पुढचे पाच आठवडे पोस्टमनची सायकल वाजली की तिच्या हातातली इस्त्री अधांतरी थांबायची. दोन शर्ट जाळून झाले. सहाव्या आठवड्यात पाकीट आलं. तिच्या हातात इस्त्री होती, म्हणून वन्संनीच फाडलं.

"मंजूर!" वन्सं ओरडल्या. "दोन वर्षांसाठी. मग पुन्हा तपासणी. थांब, खाली कारणं दिलीत. सदर मुलगी स्वतःहून..."

मैना समोरच बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"वन्सं," इस्त्रीवाली म्हणाली, "पुढचं मनात वाचा."