तापलेले हात

मी शहाणा माणूस आहे, हे आमच्या सोमोतो गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलेलं आहे. चाळीस वर्षं मातीच्या भट्टीत रोस्किया भाजतोय. रोस्किया म्हणजे मक्याचं पीठ आणि चीज मळून केलेली कडक कडबोळी. भट्टीत हात घातला की किती ताव आहे ते मला कळतं. मग पाच महिन्यांच्या मुलीच्या डोळ्यात काय आहे, ते मला कळणार नाही?

मुलगी म्हणजे माझी नात, मेयलिन. तिची आई याहोस्का रोज पहाटेच्या बसने एस्तेलीला जाते, चिरूटाच्या कारखान्यात. जावई सरहद्दीपलीकडे कोस्टा रिकात. याहोस्काची सासू चिनांदेगाला असते, घरात फरशी, दारात नळ, आणि तोंडात कायम एकच वाक्य : "त्या धुरात बाळ कसलं वाढवता? माझ्याकडे पाठवा." मी याहोस्काला सांगितलं होतं, "माझ्या हातून काही कमी पडलं, तर खुशाल पाठव." माणसाने असं बोलू नये. पण मी बोलतो.

एका मंगळवारी संध्याकाळी मेयलिनच्या उजव्या डोळ्यातून पिवळं पाणी यायला लागलं. बुधवारी सकाळी पापण्या चिकटलेल्या. मी तिला उचलून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सबाई मिर्ना, साठीला आल्या तरी आवाज अजून शाळामास्तरणीचा.

"आजोबा, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "पाणी उकळून गार करायचं. कापूस बुडवून नाकाकडून कानाकडे पुसायचं. एकदा पुसलं की तो बोळा फेकायचा, दुसऱ्या डोळ्याला नवा. मग हे मलम. आणि आधी हात धुवायचे. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा डोळ्यात घालायचा नाही."

"तो कोण घालतं?" मी म्हणालो. आदल्या दिवशी मीच घातला होता.

"काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा चार-पाच दिवसांत उतरलं नाही, तर सरळ मोठ्या दवाखान्यात. डोळा जाऊ शकतो."

डोळा जाऊ शकतो. हे ऐकल्यावर मी रस्ताभर मेयलिनला छातीशी इतकं घट्ट धरलं, की ती रडायला लागली.

बुधवारी सगळं नीट केलं. गुरुवारी सकाळी डोळा बराच मोकळा. गुरुवारी भट्टी लावली, आणि संध्याकाळी पुन्हा चिकटला. शुक्रवारी बरा. शनिवारी भट्टी, आणि शनिवारी डावाही लाल. रविवारी-सोमवारी थोडा उतार.

आता मी शहाणा असल्यामुळे मला यातलं सूत्र शनिवारीच सापडलं होतं. भट्टीच्या दिवशी आमच्याकडे कोण येतं? फानोर. शेजारचा सुतार. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहिला घाणा बाहेर पडायच्या वेळेला हा रंधा टाकून येतो, घामाने निथळत, आणि गरम रोस्किया तोंडात टाकता टाकता बाळाकडे बघून म्हणतो, "काय गोड आहे गं बाई!" घामेजलेल्या माणसाची नजर बाळाला बाधते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि उतारा एकच : ज्याची नजर, त्याचाच घामाचा सदरा काढून बाळाला त्यात गुंडाळायचं.

"सदरा काढ," मी फानोरला म्हणालो.

"काय?"

"तुझी नजर लागली पोरीला. काढ सदरा."

"अरे एवारिस्तो, माझी नजर कडबोळ्यावर असते! पोरीकडे बघतो ते आपलं शेजारधर्म म्हणून."

"चोराच्या उलट्या बोंबा. काढ."

त्याने काढला बिचाऱ्याने. पस्तीस वर्षांचा शेजार. उघड्याबंब पोटाने उभा राहिला आणि मी त्याच्या सदऱ्यात मेयलिनला गुंडाळलं. सदऱ्यात घाम कमी आणि लाकडाचा भुसा जास्त. पोरीला सात शिंका आल्या. मी म्हणालो, "बघ, नजर निघतेय."

ही शनिवारची गोष्ट. त्यानंतर रविवारी उतार पडला, तेव्हा मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटलो की फानोरच्या नजरेपासून आपापली पोरं सांभाळा. गल्लीतल्या बायका तो दिसला की लेकरांची तोंडं झाकायला लागल्या. मंगळवारी फानोर रोस्किया खायला आला नाही.

आणि तो आला नाही तरी मंगळवारी दुपारी डोळे पुन्हा चिकटले. मी म्हटलं, नजर जुनी आहे, मुरली असेल.

तेवढ्यात नर्सबाई मिर्ना स्वतः दारात हजर. घरोघरी फिरण्याचा त्यांचा दिवस होता. त्यांनी मेयलिनच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"ठिपका नाहीये अजून. पण आज सातवा दिवस आजोबा, हे उतरायला हवं होतं. तुम्ही रोज काय करता ते मला करून दाखवा बरं."

मला काय, दाखवायला आवडतंच. शेवटचा घाणा बाहेर काढला, अॅप्रनला हात खसाखसा पुसले आणि सुरू केलं. उकळून गार केलेलं पाणी. त्यात चिमट्याने बुडवलेला कापूस. नाकाकडून कानाकडे. बोळा फेकला. नवा बोळा. मलम. इतकं व्यवस्थित, की एखाद्या डॉक्टरनेही शिकावं. वर मान करून बघितलं, शाबासकीसाठी.

"आणि हात?"

"पुसले की."

"धुतले का नाहीत?"

"नर्सबाई, असं काय विचारता? भट्टीवरून उठलोय मी!"

तापलेल्या हाताला पाणी लावायचं नाही. गार नाही, कोमट नाही, पाणी म्हणजे पाणी. बोटं वाकडी होतात, सांधे धरतात. माझ्या वडिलांचे हात मरेपर्यंत कोंबडीच्या पायासारखे होते, आणि ते सांगायचे की एका दुपारी भट्टीवरून उठून त्यांनी विहिरीवर हात धुतले, तेवढंच निमित्त. मी भट्टीच्या दिवशी दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यात हात घालत नाही.

नर्सबाई हसल्या नाहीत. "माझी आईसुद्धा इस्त्री केल्यावर दिवसभर हात भिजवायची नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी वाद नाही घालत मी. फक्त एवढं सांगा, डोळा बिघडतो तो कुठल्या दिवशी?"

मी तोंड उघडलं. मंगळवार, म्हणालो. गुरुवार. शनिवार. आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

अॅप्रनकडे बघितलं. पहिल्या दिवशी पोरीचा डोळा मी याच्याच टोकाने पुसला होता. त्यालाच हात पुसत होतो. त्याच हातांनी पापण्या उघडत होतो. एक दिवस घाण मीच काढत होतो आणि दुसऱ्या दिवशी मीच परत घालत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसा घालताना शेजाऱ्याचा सदराही उतरवून आणला होता.

"धुवायचे नसतील तर धुऊ नका," नर्सबाई म्हणाल्या. "पण मग पोरीला हात लावायचा नाही. तिला दुसऱ्या कुणाकडे द्या."

मेयलिन चिकटलेल्या पापण्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवत होती. मी मोरीवर गेलो. साबण घेतला. छप्पन्न वर्षांचा माणूस, सांडशीशिवाय भट्टीतले तापलेले पत्रे उचलणारा, आणि बादलीभर पाण्यापुढे उभा राहून सांता मारियाची करुणा भाकतोय. डोळे मिटले आणि हात बुडवले. मग संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने मूठ उघडून मिटून बघत होतो. एकही बोट वाकडं झालं नाही. खरं सांगायचं तर थोडा अपमानच वाटला.

अॅप्रन उकळला. गुरुवारी भट्टी होती, तरी दर वेळी हात धुतले. शनिवारीही धुतले. रविवारी सकाळी मेयलिनने दोन्ही डोळे टक्क उघडले आणि माझ्या मिशीकडे असं पाहिलं, की ही काय वस्तू आहे. मला रडू आलं. सरळ रडलो.

याहोस्काला सुट्टी होती. तिने लेकीचे मुके घेतले आणि लगेच रोस्कियांचा डबा भरायला घेतला.

"कुणाला?"

"फानोरकाकांना. त्यांच्या सदऱ्यानेच उतरलं ना? गल्लीतली माणसं त्यांना काहीबाही बोलतात, पण मनाचा मोठा माणूस आहे."

इथे मला गप्प बसता आलं असतं. फानोरला डबा मिळाला असता, माझी अब्रू राहिली असती, पोर माझ्याकडे राहिली असती. एवढं सोपं होतं.

"सदऱ्याने नाही," मी म्हणालो. "माझे हात. मी धूत नव्हतो. मीच करत होतो ते."

तिने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त जवळ आली आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"पापा, तुमचा उजवा डोळा बघा."

सकाळपासून खुपत होता. मी म्हटलं होतं, रडल्यामुळे असेल.

"हा बरा होईपर्यंत मेयलिन चिनांदेगाला राहील. मीही रजा टाकते. मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"मग बघू, पापा."

त्या दुपारी, दोघींची बस सुटायच्या आधी, मी फानोरकडे गेलो. दारातच उभा राहिलो, डोळा लाल असल्याने आत गेलो नाही, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की गाढव मी आहे. रंधा थांबला. "हे काय, तू मला नवीन सांगतोयस?" फानोर म्हणाला, आणि पुन्हा रंधा चालवायला लागला. थोड्या वेळाने सदरा घालून तोही माझ्याबरोबर बसपर्यंत आला.

याहोस्का खिडकीशी बसली होती, मेयलिन तिच्या मांडीवर उभी. मला जवळ जायची परवानगी नव्हती, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे. माझा उजवा डोळा एव्हाना पार मिटला होता. मेयलिन मला दोन्ही डोळ्यांनी बघत होती, आणि मला ती एकाच डोळ्याने जेवढी दिसली तेवढी मी बघून घेतली.