सरूबाईंची रेकॉर्ड

भीमराजनं रेकॉर्ड फडक्यानं पुसली, मशीनवर ठेवली आणि पिन अलगद टेकवली. समोर स्टुलावर सरूबाई पदर सावरून बसल्या होत्या.

दुकानात आता गाणी ऐकायला फारसं कुणी येत नसे. १९८१ साल होतं. कंपनीतल्या पोरांच्या हातात कॅसेटी आल्या आणि मालक अर्जुनरावांनी पिंपरीतलं हे दुकान विकून टाकलं. उरलेल्या रेकॉर्डी न्यायला पुण्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी यायचा होता. दुकानात कामाला असलेले भीमराज आणि सयाजी, दोघंही विशीतले, सकाळपासून खोकी भरत होते.

"उद्यापासून मी चाकणच्या बाजारात कांदे निवडणार," सयाजी म्हणाला होता. "गाणी निवडून काय मिळालं, भावा?"

भीमराजला हसू आलं नाही. त्याला तेवढंही काम मिळालं नव्हतं.

सरूबाई तीन वर्षं दर गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीदिवशी, काळेवाडीहून पूल ओलांडून चालत येत. त्यांचे यजमान खंडू गायनपार्टीत होते. छातीच्या दुखण्यानं गेले. पार्टीची जयंतीच्या गाण्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती. "ह्यांच्या पार्टीची लाव," एवढंच सरूबाई म्हणत. कोरस सुरू झाला की डोळे मिटत.

महिन्यापूर्वी अर्जुनराव सहज बोलून गेले होते, "खंडू कुठंय त्यात? मी होतो ना मुंबईला रेकॉर्डिंगला पार्टीबरोबर. त्याला कंपनीनं सुट्टी दिली नाही. कोरसात दुसराच उभा केला."

तेव्हापासून दर गुरुवारी सांगून टाकायचं भीमराज ठरवी. पण हे त्या बाईला सांगायचं कसं?

गाणं संपलं. त्यानं रेकॉर्ड कव्हरात घातली आणि पुढं धरली.

"मावशी, ही तुम्ही न्या."

"नेऊन करू काय? घरी मशीन न्हाई."

"सयाजीच्या मामाकडं टेप आहे. कॅसेट भरून देतो. म्हणजे त्यांचा आवाज..."

सरूबाईंनी रेकॉर्ड हळूच त्याच्याकडं सारली.

"त्यांचा आवाज न्हाई ह्यात, लेकरा. तुलाबी ठावं हाय. महिना झाला, गाणं लावताना माझ्याकडं बघत न्हाईस तू."

खोकं बांधणाऱ्या सयाजीचा हात थांबला.

"त्या दिशी सुट्टी न्हाई मिळाली त्यास्नी," सरूबाई म्हणाल्या. "इस्त्रीची कापडं घालून बसलं हुतं सकाळधरनं. मग तीच कापडं घालून कामावर गेलं."

"मग तीन वर्षं तुम्ही इथं..." भीमराजनं विचारलं.

सरूबाईंनी मशीनकडं पाहिलं.

"घरी आठवाया बसलं की त्यांचा नुस्ता खोकला आठवतो बघ. शेवटलं वरीस तेवढंच ऐकलं. हितं ही समदी मंडळी गायला लागली की मधनं त्यांचाबी आवाज येतो. खोकल्याबिगर."

बाहेर टेम्पो येऊन थांबला. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. सयाजी हात झटकत उठला आणि दारात गेला.

"थांबा जरा, राव," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. "आत गिऱ्हाईक आहे."

भीमराजनं रेकॉर्ड कव्हरातून काढली आणि मशीनवर ठेवली. या खेपेला त्यानं सरूबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले, तेव्हा पिन टेकवली.