सावलीचं माप

"आता काय, सावलीलाच बटणं लावायची का?" इस्त्रीवाल्या मावशी चुरगळलेल्या बाहीवर पाणी शिंपडत पुटपुटल्या. "दिवा जवळ आला की राजपुत्र ढोल, लांब गेला की काडी. आणि बोलणी आपण खायची."

राजवाड्याचा रिवाजच तसा होता. नोकरमाणसाचं बोट राजघराण्याच्या अंगाला लागायचं नाही. म्हणून राजपुत्रानं दिव्यापुढे उभं राहायचं आणि शिंपिणीनं भिंतीवरच्या सावलीचं माप घ्यायचं.

शिंपीण म्हणजे मावशींची भाची. ती मान खाली घालून शिवत होती. वर्षभर याच राजपुत्रानं बागेत, झाडाआड, तिचा हात हातात धरला होता. साऱ्या वाड्याला ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. आता तो शेजारच्या राजकन्येशी लग्न करणार होता, आणि त्याचा लग्नाचा अंगरखा हिच्याच मांडीवर होता. काल मापाला उभा राहिला तेव्हा त्यानं हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिच्याकडे आजीची मंतरलेली सुई होती. त्या सुईनं सावली अस्तरात टाचली की अंगरखा घालणारा दगडासारखा जागच्या जागी थिजायचा.

"राहू दे भर लग्नात उभा. जन्मभर," त्याच सुईनं त्याची सावली अस्तरात टाचत ती दात आवळून म्हणाली.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "ठेव की. लोक तुला चेटकीण म्हणतील आणि त्याची कीव करतील. म्हणजे सुटला तो! सूड घ्यायचाय ना, बाई? मग लपून कशाला घेतेस? लपून हात धरणं त्याला शोभलं, तुला नाही शोभत."

शिंपिणीनं सावलीचे टाके उसवले. राग मात्र तसाच ठेवला.

शेवटच्या मापाला राजपुत्र दिव्यापुढे उभा राहिला. राणीसरकार होत्या, राजकन्या होती, सगळा दरबार होता. शिंपीण सावलीकडे गेलीच नाही. ती सरळ त्याच्यापुढे आली आणि तिनं मापाची पट्टी त्याच्या खांद्यावर टाकली. तो दचकून मागे सरला.

"अगं, रिवाज विसरलीस?" राणीसरकार कडाडल्या.

वाचकहो, माणसाला कमी लेखणारा रिवाज राजाच्या तलवारीवर टिकत नाही. सगळं ठाऊक असून आपण गप्प बसतो, त्यावर टिकतो. त्या दिवशीही दरबारातले सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

शिंपिणीनं पट्टी सोडली नाही.

"रिवाज यांना विचारा, राणीसरकार. वर्षभर बागेत माझा हात यांनीच धरला होता."