तेच भिंग, पुन्हा

भिंगाच्या काठावर तिच्याच अंगठ्याचा ठसा उमटला होता – अर्धवट, तेलकट – आणि तो पुसता पुसता तिला एकदम कळलं की काल नवऱ्याला सांगितलेला तो प्रसंग सिनेमात नव्हताच. बंद दुकानाच्या काचेत बघून केस नीट करणारा म्हातारा... सिनेमात म्हातारा होता कुठे? तो पुस्तकातला. तिच्या उशाशी पालथ्या पडलेल्या पुस्तकातला, आणि ते पुस्तक तर नवऱ्यानं हातातही धरलं नव्हतं.

"मॅडम, मी वाचू का?" खुर्चीतल्या आजींनी विचारलं.

"वाचा ना, आजी."

तिची आणि नवऱ्याची एक रीत होती, लग्नापासूनची. थिएटरातून बाहेर पडलं की घरी चहा होईपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग कप हातात घेऊन एकेकानं आपला आवडलेला एकच प्रसंग सांगायचा. काल तिनं म्हाताऱ्याचा सांगितला, आणि तो चहावर फुंकर घालत म्हणाला होता, "अगदी! मीही तोच सांगणार होतो."

तिनं आजींच्या डोळ्यांवरच्या चौकटीतलं भिंग काढलं, आणि तेच पुन्हा घातलं. "आता चांगलं दिसतं की मघाशी?"

"आता," आजी लगेच म्हणाल्या. "आता छान."

माणसं अशीच असतात – चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं डोळे तपासताना तिला हे पाठ झालं होतं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून छान म्हणतात. तो खोटेपणा नसतो, भिडस्तपणा असतो. हाताखालच्या मुलींना ती हेच शिकवायची. पण नवराच भिडस्त निघाला तर? पाय भरून येईस्तोवर चढलेले ते डोंगर, समुद्रावर ती पुस्तकातला उतारा वाचून दाखवायची तेव्हाचं त्याचं हसू, मध्यंतरात "काय जमलाय ना!" म्हणून दाबलेला हात – सगळंच 'आता छान'? त्याच्या आयुष्यात दुसरी एखादी बाई असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. इथे भांडायचं कुणाशी, गुणी नवऱ्याच्या होकाराशी? म्हणजे इतक्या सगळ्या ठिकाणी... मी एकटीच गेले होते का?

आणि सुट्टीचं आजच पक्कं करायचं होतं.

बसमध्ये उभ्या उभ्या तिनं एक प्रसंग रचला. तद्दन खोटा, ना सिनेमातला ना पुस्तकातला. स्वतःचीच लाज वाटली, पण रचला.

तो ओट्याशी पातेलं घासत होता. दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करून घरी आला की त्याला भांडी घासायला आवडायची. आवडायची – की तेही...?

"कालचा तो जिना आठवतो?" आवाज शक्य तितका साधा ठेवत ती म्हणाली. "ती बाई दिवा चालू ठेवून उतरते, तो?"

त्याचा हात थांबला. "हो ना. आणि खाली गेल्यावर मागे वळून बघते. परत जाऊन विझवावासा वाटतो तिला, पण जात नाही."

चोर रंगेहाथ सापडला होता. आता रागवायचं, बस्स. पण तिला तो जिना दिसायला लागला – कठड्यावरचा हात, वरचा पिवळा उजेड – तिनं रचताना हे काहीच नव्हतं. हे त्याचं होतं. आणि तिला ते कालच्या अख्ख्या सिनेमापेक्षा आवडलं, म्हणूनच जास्त भीती वाटली. खोटं बोलतो, की माझ्यासोबत येतो?

"सुट्टीचं काय ठरवायचं? डोंगर की समुद्र?"

"तू म्हणशील तिथे."

"नाही. आज आधी तू सांग."

त्यानं झटकन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती नजर तिला ओळखीची होती – तक्त्यावरची अक्षरं सोडून तपासणाऱ्याचा चेहरा वाचणारी. तिनं पाठ फिरवली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. घे, वाच आता.

मागे नळ बंद झाला.

"अगं, पण तुला काय हवंय?" तो म्हणाला. आवाज जरा घाबरलेला. "खरंच विचारतोय. मला कधी कळतच नाही."

हात्तिच्या, हे काय विचारणं! तिनं तोंड उघडलं – डोंगर म्हणायला, की समुद्र – आणि शब्द यायच्या आधीच तिचे डोळे खिडकीच्या काळ्या काचेत त्याचा चेहरा शोधायला लागले होते. कोणत्या शब्दानं तो खुलेल, हे बघायला. दरवर्षीसारखे.

तिनं डोळे मिटून घेतले. आत डोंगर नव्हता, समुद्रही नव्हता.