सत्तावन बटा तीनचा महाकाल

सोमरा तिर्कीने हातोड्याच्या दांड्याने लीद फोडली आणि तिच्यातून लाल दोरा निघाला.

हत्तीच्या लिदीतून काय निघेल याचं सोमराला आता नवल उरलं नव्हतं. रांगाझोरा ते चापागुडी या जंगलातल्या पट्ट्यात तो एकतीस वर्षं रोज सकाळी सहा किलोमीटर चालत जात होता आणि तेवढंच परत येत होता. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. रुळाला धरून ठेवणारी एखादी चावी ढिली झालेली दिसली की हातोडा घालून घट्ट करायची आणि पुढे चालायचं. हुद्द्याचं नावच चावीवाला. एवढ्या वर्षांत त्याने लिदीत फणसाच्या आठळ्या पाहिल्या होत्या, बांबूच्या ढलप्या पाहिल्या होत्या, आणि एकदा शाळेच्या खिचडीची पिशवी, छापील सूचनांसकट.

पण हा दोरा ओळखीचा होता. तीन गाठी, त्यातली मधली दुहेरी. केळ्याच्या फणीला अशा गाठींचा दोरा बांधणारी बाई रांगाझोऱ्यात एकच होती, आणि तिच्याशी सोमराचं लग्न झालेलं होतं.

लीद ताजी होती. माघातल्या थंडीत तिच्यातून वाफ निघत होती. ती दोन रुळांच्या बरोबर मध्ये पडली होती, आणि तिथून तीस पावलांवर महाकालबाबाचं ठाणं होतं.

या भागात हत्तीला कुणी हत्ती म्हणत नाही. जंगलात तर नाहीच. म्हणायचं महाकालबाबा, तेही हळू आवाजात. आठ वर्षांपूर्वी एक मादी वाट चुकून रुळांवरूनच चालत निघाली आणि सत्तावन बटा तीनच्या किलोमीटर-खांबाजवळ, जिथे लाईन दोन्ही बाजूंच्या दरडींमधून वळते, तिथे मालगाडीखाली आली. सकाळी पहिला पोचला तो सोमरा. ती दुपारपर्यंत जिवंत होती. साहेब आले, जनावरांचे डॉक्टर आले, फोटो काढणारे आले. सोमराने आपल्या डब्यातली दोन केळी तिच्या सोंडेपाशी ठेवली होती. तिने ती हुंगली, खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने नदीतला एक गुळगुळीत दगड उचलून आणला, त्या जागी रुळांच्या कडेला मांडला, शेंदूर लावला आणि समोर एक केळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी बघतो तर केळं नव्हतं. त्याला बरं वाटलं. त्याने दुसरं ठेवलं. तेव्हापासून सुट्टीचे वार सोडले तर सोमराचं केळं चुकलेलं नव्हतं.

देव लहान असेपर्यंत एकट्याचा असतो. त्याच्या डोक्यावर पत्रा आला की मागोमाग समिती येते. चहामळ्यातल्या बायका दर शनिवारी केळी, गूळ आणि भिजवलेले चणे आणू लागल्या. मळ्यातून निवृत्त झालेला झरिया सरदार अध्यक्ष झाला. घंटा आली. सकाळच्या पॅसेंजरचे ड्रायव्हर पालितबाबू त्या वळणावर गाडी हळू करून, शिट्टी वाजवून, खिडकीतून नारळ टाकू लागले. त्यांचं बघून बाकीचेही टाकू लागले. तिथे रेल्वेने ‘वेग ताशी पंचवीस’ अशी पाटी लावली होती, तिला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. दगडापुढे मात्र गाड्या वीसवर यायच्या. बहुतेक गाड्या.

गेल्या वर्षी जी वीसवर आली नाही, तिने एक तरणा दातवाला, मोठ्या सुळ्यांचा नर, मारला. त्याच वळणावर.

मग चौकशी समिती आली. तिने दरडींची उंची मोजली आणि मधमाश्यांचा आवाज काढणारा भोंगा खांबावर बसवून घेतला. हत्ती मधमाश्यांना भितात हे खरंच आहे. हे हत्तीही भ्यायले, पंधरा दिवस. नंतर ते त्या खांबाला पाठ घासू लागले. समितीने सोमराला विचारलं होतं, हत्ती नेमके इथेच का येतात. त्यांची जुनी वाट आहे साहेब, असं तो म्हणाला. जुनी वाट आणखी पुढे होती, अठ्ठावन बटा एकला, जिथे लाईन सरळ आहे आणि ड्रायव्हरला लांबूनच सगळं दिसतं. सोमराला हे माहीत होतं. तरी तो तसं म्हणाला, आणि का म्हणालो यावर त्याने पुढे विचार केला नाही. विचार न करायलाही रोज बारा किलोमीटर पुरतात.

आता दोरा हातात होता, आणि विचार न करून भागणार नव्हतं. दहा दिवसांनी ठाण्याची वार्षिक पूजा होती. झरिया सरदाराने यंदा दोन क्विंटल केळ्यांचा संकल्प सोडला होता. आणि जंगलात अकरा जणांचा कळप उतरला होता, त्यात महिन्याभराचं एक पिल्लू होतं.

घरी बिरसमुनी मोहरीचा पाला निवडत होती. सोमराने धुतलेला दोरा तिच्यासमोर ठेवला.

तिने उचलून पाहिला. “हा माझा. शनिवारचा. कुठे मिळाला?”

त्याने सांगितलं. तिचा चेहरा उजळला. बाबाने प्रसाद घेतला म्हणजे केवढं भाग्य, हे मळ्यात कुणाकुणाला आणि कोणत्या क्रमाने सांगायचं याचा ती मनात हिशेब करू लागली.

“घेतला,” सोमरा म्हणाला. “रुळात उभं राहून घेतला.”

बिरसमुनीचे हात थांबले. 

“मागच्या वर्षीचा तो दातवाला,” ती म्हणाली, “तो पण?”

“त्याचं पोट कोण बघायला गेलं होतं? पण तोंड त्याचं ठाण्याकडे होतं.”

“आणि पहिलं केळं तुम्ही ठेवलंत.”

“मीच.”

“सुगनीच्या बापा,” ती म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग? मी काय गाडी चालवते?”

सकाळची पॅसेंजर रांगाझोऱ्याला वीस मिनिटं थांबते, समोरची गाडी येऊन जाईपर्यंत. तेवढ्यात पालितबाबू खाली उतरून फलाटावरच्या टपरीत चहा घेतात. झरिया सरदार तिथे असतोच. निवृत्त झाल्यापासून गाड्या वेळेवर येतात की नाही हे बघायची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली होती. सोमराने तीच वेळ धरली. ठाणं तिथून हलवू, असं तो एकदम म्हणाला, आणि दोऱ्याची गोष्ट सांगितली.

सरदाराने चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. मग शांतपणे विचारलं, “सोमरा, तुझी बदली कधी झाली होती?”

“माझी? कधीच नाही, सरदारदादा.”

“एकतीस वर्षांत साधा चावीवाला हलला नाही, आणि तू देव हलवतोस.”

टपरीवाला हसला. सरदाराला हुरूप आला. त्याने सोमराचे आजवरचे सगळे गुन्हे काढले: वर्गणीला उशीर, शनिवारच्या कीर्तनाला गैरहजेरी, गेल्या पूजेत पंगत बसलेली असताना उठून चाव्या बघायला जाणं. हत्ती आजही मरतात आणि ठाणं नव्हतं तेव्हाही मरायचे, असं तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

सोमराला वाटलं पालितबाबू तरी आपल्या बाजूने बोलतील. दातवाल्याच्या वेळी इंजिनात त्यांचा भाचेजावई होता. त्याने त्यानंतर महिनाभर भात खाल्ला नव्हता. पण पालितबाबू मान हलवत राहिले.

“ठाणं काढलंस तर मी वळणावर गाडी हळू कशासाठी करू?” ते म्हणाले. “पाटीसाठी? अरे, तशा पाट्या माझ्या वाटेवर चौदा आहेत. सगळ्या मानल्या तर परवाची गाडी आज पोचेल. तिथे माझा हात आपोआप ब्रेकवर जातो, तो त्या दगडामुळे. ड्रायव्हर भितो तो देवाला. साहेबाला तो फक्त उत्तर देतो.”

सरदाराने विजयी मुद्रेने बशी खाली ठेवली. समोरची गाडी आली, सिग्नल पडला, पालितबाबू उठले. सोमरा तसाच बसून होता. ठाणं ठेवलं तर हत्ती रुळावर येतात. काढलं तर गाड्या हळू होत नाहीत. दोन्ही रुळांवर चाव्या एकदमच ढिल्या झाल्या होत्या.

पालितबाबू चार पावलं गेले असतील, तेव्हा तो बोलला.

“दगड तिथेच राहू दे.”

पालितबाबू वळले.

“दगड राहू दे, घंटा राहू दे. जेवण नदीवर नेऊ. दोन किलोमीटर आत, ते पाणी प्यायला उतरतात तिथे.” त्याचा आवाज जरा चढला होता. “सरदारदादा, तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याचं पान तुम्ही अंगणात मांडता की रस्त्याच्या मध्ये? आपण आठ वर्षं बाबाचं पान रुळावर मांडतोय. पहिलं मी मांडलं. ती मादी चुकून आली होती. तो दातवाला चुकून आला नव्हता, त्याला मी बोलावलं. चौकशी समितीने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे कुठे लिहून द्यायचं असेल तर देतो.”

टपरीत कुणी हसलं नाही. पालितबाबूंनी खांद्याच्या पिशवीतला नारळ काढून पाहिला, जणू तो कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवला होता. मग टपरीच्या फळीवर ठेवला आणि इंजिनात चढले.

सरदार म्हणाला, “लिहून काय द्यायचंय. मला काय वाचता येतं?” आणि घरी गेला.

तिसऱ्या दिवशी सरदाराला स्वप्न पडलं. स्वप्नात महाकालबाबा स्वतः आला आणि म्हणाला, गाड्यांच्या धुरळ्यात मला जेवण जात नाही, माझी पंगत नदीकाठी बसवा. दर्शनाला मी आहे तिथेच आहे. स्वप्न इतकं स्पष्ट होतं की त्यात किलोमीटरचा आकडासुद्धा होता. ठाण्याच्या समितीची बैठक झाली, स्वप्न एकमताने मंजूर झालं.  स्वप्नात बाबाला पान रस्त्यात मांडल्याचाही राग आला होता, हे ऐकून बिरसमुनीने पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

पूजा झाली. दोन क्विंटल केळी नदीकाठी गेली, बायका रांगेने डोक्यावर टोपल्या घेऊन गेल्या. सगळं एका दिवसात सुधारलं असं नव्हे. लांबच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना स्वप्नाची बातमी पोचायला महिना लागला. तोवर ते नारळ टाकत राहिले आणि सोमरा ते पिशवीत भरून नदीवर पोचवत राहिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत नारळ वाहायचं काम कुठल्या नियमात बसतं हे मुकादमाने विचारलं. सोमरा म्हणाला, लाईन साफ ठेवण्याच्या. मुकादमाला ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. कळपानेही आठ-दहा दिवस जुन्या जागी येऊन सोंडा फिरवून पाहिल्या. मग तो पुन्हा अठ्ठावन बटा एकच्या वाटेने लाईन ओलांडायला लागला. एकदा तिथे सोमराने लाल झेंडी धरली आणि पालितबाबूंनी लांबूनच गाडी उभी केली. अकरा जण गेले. मोजून अकरा. पिल्लाचे पाय रुळाला अडखळले, तेव्हा मागच्या मादीने त्याला कपाळाने हलकेच ढकललं, जशी बिरसमुनी सुगनीला शाळेत ढकलायची.

फाल्गुनात एका सुट्टीच्या दिवशी सोमरा नदीवर गेला. वाळूत जुनी लीद पडली होती, उन्हाने सुकलेली. त्याने ती काठीने उकलली. आत दोरा होता. तीन गाठी, मधली दुहेरी. त्याने तो तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सत्तावन बटा तीनला पोचला. दगडावरचा शेंदूर फिका झाला होता. पुढ्यात काही नव्हतं. पत्र्यावर एक माकड बसलं होतं, त्याने सोमराच्या हातांकडे बघितलं आणि निराश होऊन तोंड फिरवलं. वळणावरून पॅसेंजर आली, शिट्टी वाजली, वेग वीसवर उतरला. पालितबाबूंनी त्या रिकाम्या दगडाला हात जोडले, मग जरा मान वळवून, त्याच जोडलेल्या हातांनी, हिरवी झेंडी धरून उभ्या असलेल्या सोमराकडे पाहिलं.

गाडी गेली. सोमराचा हात सवयीने खिशात गेला. केळं होतं, सकाळी निघताना आठ वर्षांच्या सवयीने घेतलं होतं. तो दगडासमोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने केळं सोललं, उभ्या उभ्या खाल्लं, साल घडी करून पिशवीत ठेवली, आणि पुढची चावी ठोकली.