सहावी पट्टी

रुपाली सिस्टरने स्टीलचा डबा टेबलावर उपडा केला, घडी घातलेल्या पट्ट्या बोटाने एकेक करून बाजूला सारल्या आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. दाराशी उभी असलेली ऋतिका टेबलाजवळ आली.

"ताई, पाचच आहेत."

"वहीत किती आहेत?" ऋतिकाने विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"सहा. काल सकाळी दहाला तुम्हीच लिहिलंय. जुनी काढली, घडी घातली, डब्यात टाकली. खाली सही."

ऋतिकाचे सासरे दत्तोबा, घरातले तात्या, चार महिने हडपसरच्या या घरात पलंगाला खिळून होते. कॅन्सर हाडांत उतरला होता. दर तीन दिवसांनी छातीवर चिकटवायची फेंटानिल या जबर वेदनाशामकाची ती पारदर्शक पट्टी होती, म्हणून म्हातारा घोटभर चहा पिऊन चार शब्द बोलत होता. हॉस्पिटलवाले ती मोजून देत आणि वापरलेल्या मोजून परत घेत. "उतरवलेल्या पट्टीतसुद्धा भरपूर औषध उरतं," रुपालीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "चिकट बाजू आत घालून घडी, लगेच डब्यात, डब्याला कुलूप. घरात लेकरू आहे तुमच्या."

रुपाली वाशिमकडची. वाघोलीत खोली घेऊन राहायची आणि दोन बस बदलून बरोबर नऊला दारात हजर व्हायची. फक्त रविवारी सुट्टी. काल रविवार होता.

काल काय झालं ते ऋतिका आठवू लागली. वहीत प्रत्येक वेळी तीच ओळ असते, म्हणून तिने आधीच वरची ओळ खाली उतरवून सही ठोकली होती. मग तात्यांची जुनी पट्टी काढून बशीत ठेवली, नवी लावली. तेवढ्यात बाहेर अडीच वर्षांची सोनू सोफ्यावरून पडली आणि ती धावली. पोरीला घेऊन परत आली तेव्हा बशी रिकामी होती. टाकली असेल आपणच डब्यात, असं वाटलं आणि ते तिथंच राहिलं.

"सोनू," ती म्हणाली.

सोनूला स्टिकरचं वेड होतं. फ्रिज, कपाट, स्वतःचं पोट, काही सोडायची नाही. आणि आज सोनू अकरा वाजताच झोपली होती. एरवी दुपारी एकशिवाय डोळा न मिटणारी पोर.

ऋतिकाने तिला पाळण्यातून अक्षरशः ओढून काढलं. फ्रॉक उतरवला, पाठ पाहिली, काखा, मांड्या, केसांतसुद्धा बोटं फिरवली. तोंडात बोट घालून टाळूपर्यंत चाचपलं. सोनूने डोळे उघडले, आईकडे एकदा पाहिलं आणि संतापून भोकाड पसरलं. रुपालीने टॉर्च मारून पोरीच्या बाहुल्या बघितल्या, श्वास मोजले.

"छान आहे ही. माझ्यावर चिडलीये फक्त."

"मग पट्टी घंटागाडीत गेली असेल, सिस्टर. सकाळीच कचरा दिला."

"असेल, असं लिहू वहीत?" रुपाली शांतपणे म्हणाली.

खरं तर ऋतिकाला तेच हवं होतं. गेली असेल म्हणायचं आणि डब्याला कुलूप लावून टाकायचं.

आतल्या पलंगावरून दत्तोबांचा खोल गेलेला आवाज आला. "काय शोधताय गं एवढं?"

"तुमची कालची पट्टी, तात्या. जुनी."

"ती व्हय. ती नेली की हिनं." हिनं म्हणजे आनंदीबाईंनी, त्यांच्या बायकोने. "म्हणली, अजून चिकटतीया, टाकायची कशाला. गुडघ्याला लावते. दुखण्याचीच हाय ना ती?"

दोघी मागच्या खोलीकडे वळल्या, आनंदीबाई तिथं पडल्या होत्या.

आनंदीबाईंनी आयुष्यात कधी काही वाया घालवलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायच्या, जुन्या साडीची गोधडी शिवायच्या. रोज पाचला उठणारी ही बाई आज आठला उठली होती. चहात बुडवलेलं बिस्कीट हातातच विरघळलं, तरी तशीच बसून राहिली. काल संध्याकाळी सोनूच्या खाण्यावरून सासूसुनांचं जरा वाजलं होतं, तर ऋतिकाला वाटलं, रुसल्यात. वरून तासाभरापूर्वी तिनेच गरम पाण्याची पिशवी भरून दिली होती, गुडघा शेकायला. रुसवा काढायला म्हणून.

मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा एकदा घर्र करून आला.

रुपालीने धावत आत जाऊन आनंदीबाईंचं पांघरूण बाजूला फेकलं, पिशवी ढकलून दिली आणि लुगडं गुडघ्यावर सरकवलं. कापडी चिकटपट्टीने चारी बाजूंनी नीट डकवलेली ती पट्टी तिथं होती. हातमोजा घालून तिने ती ओढून काढली.

"शेक दिला की दुप्पट वेगाने आत जातं हे. पाणी आणा. साबण नको, नुसतं पाणी. आणि एकशे आठला फोन लावा."

ऋतिकाने सोनूला कडेवर घेऊन फोन लावला. पत्ता सांगताना स्वतःच्याच गल्लीचं नाव तिला सुचेना. रुपाली घड्याळात बघत होती.

"मिनिटाला सहा श्वास. ताई, इकडे या. खांदा हलवा आणि सांगा त्यांना, श्वास घ्या म्हणून. सांगितलं की घेतात. थांबू नका."

"आई, श्वास घ्या."

आनंदीबाईंचे ओठ निळसर पडले होते. छाती हळूच वर आली.

"आई, घ्या श्वास. घ्या ना."

पुन्हा वर आली. ऋतिकाला कळून चुकलं की आपण गप्प बसलो तर ही छाती उचलणार नाही. कडेवरची सोनूही मग शिकवल्यासारखी म्हणू लागली, "आजी, घे." गाडी यायला सतरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ती दोन वाक्यं किती वेळा म्हटली, कोण जाणे.

गाडीतून उतरलेल्या डॉक्टरने बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या. पट्टीच्या औषधावरचा उतारा म्हणून इंजेक्शन भरता भरता त्याने विचारलं, "पट्टी किती वाजल्यापासून होती?"

रुपालीच्या हातात वही होती. तिने ती पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. फक्त ऋतिकाकडे पाहिलं.

माहीत नाही म्हणता आलं असतं. आईंनी कधी घेतली कुणास ठाऊक, असंही म्हणता आलं असतं.

"काल सकाळी दहापासून," ऋतिका म्हणाली. "वहीत लिहिलंय ते खोटं आहे. मी आधीच लिहून ठेवलं आणि पट्टी उघडी बशीत टाकून गेले. पंचवीस तास होऊन गेले. आणि तासभर शेकही घेतलाय, मीच दिला."

"म्हणजे कातडीखाली साठलंय," डॉक्टर म्हणाला. "हे इंजेक्शन तासाभरात उतरेल, पट्टीचं औषध मात्र उद्यापर्यंत झिरपत राहील. बरं झालं सांगितलंत, नाहीतर जाग्या झाल्या म्हणून घरीच सोडलं असतं."



दुपारी चारला हॉस्पिटलच्या खाटेवर आनंदीबाईंनी डोळे उघडले. बोटाला मशीनचा चिमटा होता, हातात सलाईन. ऋतिकाचा नवरा रणजित ऑफिसातून येऊन सोनूला घरी घेऊन गेला होता. तात्यांजवळ रुपाली थांबली होती. गाडी निघताना ती वही ऋतिकाच्या हातात देऊन म्हणाली होती, "तुमच्या हातानंच दुरुस्त करा. खोडू नका, खाली लिहा."

"कुठं आणलंय मला?" आनंदीबाईंनी विचारलं.

"दवाखान्यात. ती पट्टी विषारी होती आई, तुम्हाला."

"मग तुमच्या तात्यांना कशी चालती?"

"त्यांच्या अंगाला सवय आहे."

म्हातारीने यावर जरा विचार केला. "माझ्याकडं काय टक लावून बघतीयास? पोरीला जेवू घातलंस का?"

"घातलं."

"काय?"

"वरणभात."

"तूप?"

ऋतिकाची नजर म्हातारीच्या छातीवर होती. एक. दोन. तीन. मग जरा जास्तच थांबल्यासारखं झालं आणि तिने चटकन म्हातारीचा हात धरला.

"आई, झोपू नका. बोला माझ्याशी. काहीही बोला, रागवा वाटलं तर."

"आता रागवायला काय झालंय," आनंदीबाई डोळे मिटतच म्हणाल्या. ऋतिकाने एका हाताने बेल दाबली आणि दुसऱ्याने खांदा हलवला.

"आई, श्वास घ्या."

छाती वर आली.