टेबलाखालचं बोलणं

मास्तरांनी मोठ्या बाईंच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरला, आकडा मनात ठेवला, आणि तेवढ्यात त्यांच्या पँटचा पाय कुणीतरी दोनदा ओढला. खाली बघायची गरज नव्हती. कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर, त्यांची पाच वर्षांची मुलगी बसली होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरात तिला सगळे बटण म्हणत. मास्तरांनी आकडा वहीत उतरवला, डावा हात टेबलाच्या कडेखाली नेला आणि तिला खुणेने सांगितलं, थांब, दोन मिनिटं.

बटण कसली थांबतेय! कोपरं बरगड्यांना चिकटवून, मांडीपाशीच तिने बोटं भराभर चालवली. बाईंचे मोजे बघा, एक काळा आहे आणि एक निळा.

मास्तरांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

"पाणी प्या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सल्ला देताना त्या कुणाची परवानगी घेत नसत. "शनिवारच्या सभेला येताय ना?"

"येणार तर. मुलीला घेऊनच येणार."

"या जरूर. पण आधीच सांगून ठेवते, माझं मन काही घेत नाही. मंडळाची माणसं चांगली आहेत, कळकळीने अर्ज लिहितात. पण बालवर्गात खुणांची भाषा? हातवारे आहेत हो ते. आणि तुमची मुलगी एवढी गोड, पण कुणाला काही सांगताना मी तिला आजवर बघितलेली नाही."

टेबलाखाली बटण विचारत होती, बाईंना कळलंच नाही का? की अंधारात घातले?

खरं तर हीच वेळ होती. खाली बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ही बघा, ही आत्ता तुमच्याबद्दलच बोलतेय. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला आणि बाह्या लांब हव्यात की आखूड, तेवढं विचारलं.

गावात ऐकू न येणारी सहा मुलं होती. त्यांच्यासाठी शाळेच्या बालवर्गात खुणांची भाषा येणारी एक शिक्षिका ठेवावी, इतकंच कर्णबधिर मंडळाचं मागणं होतं. शाळेची समिती हो म्हणाली, तर बटण सकाळी शाळेत जाऊन दुपारी जेवायला घरी येणार होती. नाही म्हणाली, तर सहा तासांवरच्या शहरात, वसतिगृहात. तिथला फॉर्म बायकोने भरायला घेतला होता आणि मुलीच्या वयाच्या रकान्यापाशी येऊन पेन खाली ठेवलं होतं. त्यानंतर त्या फॉर्मचा विषय घरात कुणी काढला नव्हता.

गुरुवारी पेंटरीणबाई आल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा, आणि मंडळाचं काम हा त्यांचा ध्यास. त्यांना स्वतःला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दीड वर्षापूर्वी मास्तरांच्या दुकानाची पाटी रंगवताना त्यांनी शिडीवरून बटणला बघितलं होतं. ब्रश तोंडात धरून त्या खाली उतरल्या, आत आल्या आणि कापडाच्या खोक्यावर लिहिलं, "रविवारी येते. घरातले सगळे बसा." तोवर कानाच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की हातांची सवय लागली तर पोर तोंड उघडायची नाही. तरीही सगळे बसले. पेंटरीणबाईंपुढे न बसण्याची कुणाची छाती नव्हती.

तिसऱ्या रविवारी बटणने खुणेने पाणी मागितलं. त्याआधी साडेतीन वर्षं ती नुसती रडायची, आणि तहान लागलीय की पोट दुखतंय याचा अंदाज नवराबायको बांधत बसायचे. त्या दिवशी मास्तरांनी तिला एकामागून एक चार पेले पाणी पाजलं. पेंटरीणबाईंचे उपकार कसे फेडायचे हे त्यांना अजून सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फेडावेसे वाटतही नव्हते. त्या ऋणात त्यांना बरं वाटायचं.

तर गुरुवारी पेंटरीणबाई सभेची तालीम घ्यायला आल्या. खोलीच्या त्या टोकाला, दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि बटणला विचारलं, काल दिवसभर काय केलंस? बटण सांगू लागली. पेंटरीणबाईंनी डोळे बारीक केले. खुर्ची पुढे ओढली. थोड्या वेळाने आणखी ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा त्यांचे गुडघे बटणच्या गुडघ्यांना लागले. मग त्या नवराबायकोकडे वळल्या आणि त्यांच्या हातांनी विचारलं,

"घरात कोण झोपलंय?"

"कुणीच नाही," मास्तरांनी गोंधळून खुणेने सांगितलं.

"मग ही कुजबुजते का?"

दोघांनाही कळेना. तेव्हा पेंटरीणबाई उठल्या. हात छातीसमोर मोकळे ठेवून त्यांनी दाखवलं, हे बोलणं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवलं, ही हाक. कोपरं बरगड्यांना चिकटवून, पोटापाशी बोटं हलवून दाखवलं, ही कुजबूज. मग त्यांनी बायकोच्या कोपरांकडे बोट केलं. ती बरगड्यांना चिकटलेली होती. मास्तरांच्या हाताकडे बोट केलं. तो आपसूक टेबलाच्या कडेखाली गेला होता.

मास्तरांना भर बाजारात कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सुरुवातीला एकदा एका गिऱ्हाइकाने त्यांच्या खुणांची नक्कल केली होती, आणि दुकानातले चारजण खो खो हसले होते. तेव्हापासून हात टेबलाखाली गेले ते गेलेच. बायको बसमध्ये पिशवीच्या आड बोलायची. आपण दीड वर्षात भाषा चांगली उचलली, असा मास्तरांना छुपा अभिमान होता. पोरीने त्यांच्याकडून भाषा घेतली होती, आणि ती लपवायची असते हेही घेतलं होतं.

"चुकलं माझं," त्यांनी खुणेने म्हटलं. या वेळी हात मुद्दाम वर घेऊन.

पेंटरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता खरडपट्टी निघणार अशी मास्तरांची खात्री होती.

"आमच्या घरी कुजबूज नव्हती," पेंटरीणबाईंचे हात सावकाश म्हणाले. "मला पहिला शब्द आठव्या वर्षी मिळाला, तोही शेजारणीकडून. कुजबुजायला अगदी जवळचं माणूस लागतं. हिला ते आहे. आता फक्त मोठ्याने बोलायला शिकवा. दोन दिवस आहेत."

बायको डोळे पुसत चहा टाकायला उठली. मास्तर उगाचच टेप गुंडाळत बसले.

दोन दिवसांत काय होणार? घरात बटण हात फैलावून, खिदळत, पलंगावर उभी राहून बोलायची. दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की हात पुन्हा मांडीपाशी. मास्तर टेबलावर हात घेऊन तिला पुनःपुन्हा दाखवत होते. शुक्रवारी दोन गिऱ्हाइकं टक लावून बघत राहिली. मास्तरांचे कान लाल झाले, पण हात खाली गेले नाहीत.

शनिवारी शाळेचा हॉल भरला होता. व्यासपीठावर समितीची सात माणसं, मधोमध मोठ्या बाई. पेंटरीणबाईंनी मंडळाचं म्हणणं मांडलं. त्यांची धाकटी बहीण, तिला ऐकू येत होतं, शेजारी उभी राहून ते मोठ्याने सांगत होती. मग बटणला पुढे बोलावलं. बायको तिला सोडायला गेली आणि तिथेच पायरीवर बसली. मास्तर शेवटच्या रांगेत होते, कारण शिवलेला कोट एका गिऱ्हाइकाला पोचवून ते उशिरा आले होते.

पेंटरीणबाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? बटणने एकदा त्या गर्दीवर नजर फिरवली. कोपरं बरगड्यांना जाऊन चिकटली. पोटापाशी बोटं जेमतेम हलली.

"आई, बाबा आणि मी," बहिणीने सांगितलं.

"आम्हाला तर काहीच दिसलं नाही," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "मुलगी बोलली, की तुम्हीच बोललात?"

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"लहान आहे ती. उगाच त्रास नको. जाऊ द्या तिला."

मास्तर उभे राहिले. पुढच्या डोक्यांमुळे त्यांना मुलगी दिसेना, म्हणजे तिलाही ते दिसत नसणार. चारचौघांत कधी तोंड वर करून न बोललेला तो माणूस बाकावर चढला. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन त्यांनी हवेत हाक घातली.

बटण! इकडे बघ! मी इथे मागे आहे! मला काही दिसत नाही! मोठ्याने सांग!

सगळा हॉल मागे वळला. कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे हात क्षणभर हवेतच थांबले. मग त्यांनी पहिल्यापेक्षा मोठे हात करून तेच पुन्हा सांगितलं.

बटण बघतच राहिली. तिने लोकांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा लोकांकडे. तिचे गाल लाल झाले. आणि मग कोपरं बरगड्यांपासून सुटली, हात खांद्यापासून उघडले, आणि एक पाय आपटत, भुवया वर चढवत तिने सणसणीत उत्तर दिलं. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ते दिसलं.

पेंटरीणबाई पोट धरून हसायला लागल्या. बहीण तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

"काय म्हणाली ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ती म्हणते..." बहिणीने घसा साफ केला. "बाबा, ओरडू नका. सगळे बघतायत. आणि खाली उतरा, पडाल."

सगळा हॉल खदखदून हसला. शंका काढणारे गृहस्थ सगळ्यांत जास्त हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या कितीतरी वेळ त्या एवढ्याशा मुलीच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मान वर केली, आणि निम्म्या गावाला ठाऊक असलेल्या आवाजात म्हणाल्या,

"मास्तर, ऐकलंत ना ती काय म्हणाली? उतरा खाली."

मास्तर उतरले. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे बाकावरून पाय निसटता निसटता राहिला. पुढच्या रांगांमधल्या माणसांनी, कुणी न सांगता, खुर्च्या दोन्ही बाजूंना सरकवल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेतून बटण त्यांना आणखी काहीतरी सांगायला लागली.